खाल्लं नाही, घेतलं

मुरुम गावची शिवलीला खोटं बोलत नाही, याबद्दल डॉ. दीक्षाला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती तिच्या मार्गदर्शकांना, डॉ. उमाशंकरांना.

"सीलिअ‍ॅकचे पेशंट चोरून खातातच," ते म्हणायचे. "गहू आतड्याला सोसत नाही हे कळलं म्हणून काय चपाती सुटते? काढा तिला अभ्यासातून."

दीक्षा कसली काढतेय! शिवलीला म्हणजे तिच्या संशोधनाचा हुकमी एक्का. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक किल्ली मानलं, तर आतड्याच्या अस्तरातले रिसेप्टर ही त्याची कुलपं. ज्या बाईच्या आतड्यात ही कुलपं कमी, तिचं आतडं गहू सोडूनही लवकर भरून येत नाही, असं दीक्षाचं म्हणणं. शिवलीलेची कुलपं सगळ्यांत कमी होती, आणि वर्षभर ज्वारीच्या भाकरीवर राहूनही तिच्या रक्तातल्या गव्हाविरुद्धच्या अँटिबॉडी जागच्या हलल्या नव्हत्या. याहून देखणा पुरावा कुठून आणायचा?

एकच गोष्ट दीक्षाला टोचत होती. आपलं म्हणणं खरं ठरलं, तर शिवलीलेला द्यायला आपल्याकडे काहीच नाही. पोरीचे दोन गर्भ गेले होते. अँटिबॉडी उतरल्याशिवाय तिसऱ्यांदा धोका नको, असं दीक्षानंच तिला बजावलं होतं, आणि शिवलीला त्या आकड्याकडे डोळे लावून बसली होती.

एका सोमवारी दीक्षा रक्त घ्यायला धाराशिवहून मुरुमला गेली. आधी तिनं स्वयंपाकघर पालथं घातलं. ज्वारीच्या पिठाचा डबा वेगळा, तवा वेगळा. गव्हाच्या पिठाची भेसळ असते म्हणून हिंगसुद्धा हद्दपार झालेला. बोट ठेवायला जागा नव्हती.

"गहू खाल्ला का?" तिनं नेहमीप्रमाणे विचारलं.

"न्हाय, मॅडम. एक घास न्हाय."

तेवढ्यात शिवलीलेची सासू इरम्मा मठातून आली. हातात द्रोण. तिनं तो कपाळाला लावून सुनेच्या हातात दिला. सुनेनं डोळ्यांना लावला आणि तिथंच संपवला.

"हे काय होतं?" दीक्षानं विचारलं.

"हुग्गी. गव्हाची खीर," इरम्मा म्हणाली. "दर सोमवारी आणती म्या."

"अहो शिवलीला, आत्ताच म्हणालात ना, खात नाही म्हणून!"

शिवलीला गोंधळली. "खात न्हायच की! ह्यो परसाद हाय, मॅडम. परसाद कुठं खात्यात? घेत्यात."

दीक्षा बौद्ध घरात वाढलेली, प्रसादाचा तिला सराव नव्हता. वर्षभर तिनं चोख मराठीत 'खाल्ला का' एवढंच विचारलं होतं, आणि शिवलीलेनं दर वेळी खरं तेच सांगितलं होतं.

इरम्मानं मात्र रिकामा द्रोण उचलून पाहिला. "नातवंड व्हावं म्हणून नवस बोललेला, ताई. त्याचाच परसाद. म्हंजी माझ्याच हातानं...?"

"मावशी, प्रश्न मी चुकीचा विचारला," दीक्षा तिच्याजवळ गेली. "पण ही लई चांगली बातमी आहे. उपाय सापडला आपल्याला!" आपला सगळ्यात देखणा पुरावा निकालात निघाला, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला इतका आनंद झाला, की आकडे जुळल्यावरही कधी झाला नव्हता.

इरम्मानं डोळे पुसले, पदर खोचला. "पुढल्या सोमवारपासनं देवालाच तांदळाची खीर. त्याला न्हाय तर कुणाला कळायचं?"

येताना एसटीतूनच दीक्षानं फोन लावला. "सर, शिवलीलेला अभ्यासातून काढतेय."

"खात होती ना चोरून?"

"नाही सर. घेत होती, उघड उघड."

दीक्षाचं काम थांबलं नाही. बाकीच्या बायकांना तिनं 'खाल्लं का' आणि 'घेतलं का' असे दोन्ही प्रश्न विचारले. घेणाऱ्या आणखी दोघी निघाल्या. त्या वगळूनही तिचं म्हणणं टिकलं. शिवलीलेच्या अँटिबॉडी त्याच वर्षी उतरल्या.

पुढल्या वर्षी इरम्माचा फोन आला.

"रविवारी नातीचं बारसं हाय, ताई. यायचंच! घुगऱ्या हरभऱ्याच्या करणार हाय, गव्हाच्या न्हाय. म्हंजी शिवलीलाबी पोटभर घील..." ती अडखळली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "न्हाय न्हाय! खाईल!"