राखीव डावखुरी

कॉलेजच्या तलवारबाजी संघात दहा मुली असाव्यात की चार, या प्रश्नावर प्राचार्य आणि प्रशिक्षक बाई यांच्यात जो वाद धुमसत होता, त्याला एक घरगुती अडचण होती: प्राचार्य हे बाईंचे धाकटे दीर. कार्यालयात ते ‘बाई’ अशी सुरुवात करीत आणि युक्तिवाद आटला, की ‘वहिनी’वर येत.

"खेळतात तिघी, एक राखीव. उरलेल्या सहाजणींना मास्क, जाकिटं, प्रवासखर्च कशापायी?"

"मग त्या सराव कोणाशी करणार, भावजी? भिंतीशी?"

अखेर प्राचार्यांनी नियमच काढला: जी मुलगी वर्षभरात एकाही सामन्यात उतरणार नाही, तिचे नाव संघातून जाईल. बाईंनी तो दोनदा वाचला आणि चकार शब्द न काढता सही केली. दिरांना संशय यायला हवा होता तो तेव्हाच.

कारण सामन्यात एक बदली करता येते, आणि राखीव कोण हे प्रशिक्षक ठरवतो. बाईंनी प्रत्येक सामन्याला नवी राखीव नेली आणि तिला न चुकता उतरवले. त्यापायी दोन सामने हातचे गेले. करंडकाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत एकच उरली होती: डावखुरी. तिने आजवर कोणाला हरवले नव्हते. पण डाव्या हाताची प्रतिस्पर्धी समोर आली म्हणून संघातली एकही मुलगी गडबडत नसे, ते हिच्याशी रोज झुंजल्यामुळेच.

सामन्यात नऊ झुंजी; गुण एकीतून दुसरीत जोडले जात; पंचेचाळीसला आधी पोचेल तो संघ जिंकणार. डावखुरीला उतरवायला बाई पिछाडी भरून निघेपर्यंत थांबल्या होत्या. आठव्या झुंजीत संघाने चार गुणांची आघाडी घेतली. शेवटची झुंज कप्तानाची होती.

मागच्या खुर्चीवरून प्राचार्य पुढे वाकले. "वहिनी, कप्तानालाच राहू द्या. करंडक आला, तर सरावाला झुंजीची नवी लांब पट्टी मी स्वतः मंजूर करतो."

"आणि डावखुरी?"

"नियम तो नियम."

"मग तोच पाळते," म्हणून बाईंनी पंचांना बदली कळवली.

कप्तानाने मास्क ओढून काढला. "बाई, मी हरणार नव्हते हं."

"ठाऊक आहे."

कप्तान क्षणभर फुरंगटली. मग तिने डावखुरीची कॉलर ओढून सरळ केली. "समोरची घाई करते. तिचे पाय बघ. आणि रडलीस, तर याद राख!"

झुंजीपूर्वी सलामी द्यायची असते: प्रतिस्पर्ध्याला, पंचांना, प्रेक्षकांना. डावखुरीने तिसरी सलामी नेमकी प्राचार्यांच्या खुर्चीकडे वळून दिली.

ती चिवटपणे लढली. गुण चव्वेचाळीसवर बरोबरीत आले. शेवटचा वार मात्र तिच्या दंडावर बसला. हस्तांदोलन झाले न झाले, तोच कप्तानाने तिला कोपऱ्यात ओढले. "तो वार कसा आला, मला करून दाखव. आत्ता!"

"करंडक घालवलात, वहिनी," प्राचार्य म्हणाले.

"घालवला. खुशाल माझ्या नावावर मांडा. पण दहाच्या दहा उतरल्या. दहा मास्क मंजूर करा."

"पुढच्या वर्षी नियम बदलीन."

बाई गुण नोंदणाऱ्या यंत्राच्या तारांचे वेटोळे गुंडाळत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"बदला की. तोही दोनदा वाचीन."