पाचव्या कॅपचा लाल ठिपका

गाडी इटलीची, आठ सिलेंडरची, हळदीसारखी पिवळीधमक. आणि तिच्या इंजिनात बेअरिंग कुणाची? मालवाहू टेंपोची. पिस्टन राजकोटला सांगून बनवून घेतलेले, ऑइल सील ट्रॅक्टरचे, गॅस्केट तांब्याचा पत्रा कापून केलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. अर्धं पनवेल हसून मोकळं झालंय.

गाडी विचुंब्याच्या हरेशची. शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या, हातात पैसा खेळायला लागला आणि पठ्ठ्याने मुंबईच्या कुणा शेठची ही वापरलेली गाडी उचलून आणली. आणली ती आणली, वर गुडघाभर पाणी तुंबलेल्या रस्त्यात ऐटीत घातली. इंजिन पोटभर पाणी प्यालं आणि आतले पिस्टनचे रॉड वाकून बसले. कंपनीची माणसं म्हणाली, सुटे भाग मिळत नाहीत, नवं इंजिनच घ्या. किंमत ऐकून हरेश मट्कन खाली बसला.

मग गाडी टोचन करून करंजाड्याला आली, झकेरिया आणि महादेवच्या गॅरेजात. झकेरियाने बावीस वर्षं शारजात असल्याच गाड्यांच्या पोटात हात घालून काढलेली. महादेव विचुंब्याचाच, लेथवाला, हरेशच्या भावकीतला. एकाला इंजिन कळायचं, दुसऱ्याला लोखंड. पंधरा वर्षं दोघे एका छपराखाली भांडले आणि एका डब्यात जेवले.

"आमी करतो," महादेव हरेशला म्हणाला होता. "वेळ लागंल, पन करतो. माझी पोरगी, पूर्वी, याच गाडीत बसून सासरी जाईल. शब्द हाय माझा."

"अरे बाबा, आधी मला तर विचार," झकेरिया करवादला होता.

"तुला काय इचारायचा? तू नाय म्हनतोस आनि मंग करतोस."

ते खरंच होतं. झकेरिया 'नाही' म्हणाला आणि कामाला लागला. इंजिन सगळं सुटं केलं, क्रँक, म्हणजे आतला फिरणारा दांडा, घासून टेंपोच्या बेअरिंगच्या मापाला आणला. महादेवने व्हॉल्व्हचे गाइड लेथवर कातले, एकेक आठवडा घालवून.

या दोघांचा एक नियम होता. बाकीच्या गॅरेजवाल्यांना तो चोचला वाटायचा. इंजिनाच्या आतला बोल्ट ज्याने आवळला, त्याने तो तपासायचा नाही. झकेरिया आपल्या टॉर्क पान्याने बोल्ट आवळायचा. हा पाना म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला पोचला की 'कट्' वाजणारा. आवळून झालं की झकेरिया पांढरा ठिपका लावायचा. मग महादेव यायचा स्वतःचा पाना घेऊन. तोच जोर लावायचा. बोल्ट न हलता 'कट्' वाजलं की लाल ठिपका. लाल रंग पूर्वीच्या नेलपॉलिशचा. लेकीच्या बाटल्या हा बाप बिनदिक्कत पळवून आणायचा आणि घरी बोलणी खायचा. आपला पाना मात्र गॅरेजात ठेवायचा नाही. रोज घरी न्यायचा, कपाटात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. पाना एकदा पडला की खोटं बोलायला लागतो, असं त्याचं म्हणणं.

तर त्या दिवशी दुपारी क्रँक बसवून झाला होता. क्रँक धरून ठेवणाऱ्या पाच कॅप. पाचांवर पांढरे ठिपके पडले, चारांवर लाल. महादेवने घड्याळ बघितलं, पाना काखोटीला मारला.

"पाचवी जेवून आल्यावर बघतो. गोदूने बोंबील केलेत."

झकेरिया पुढच्या कामाला लागला. पहिला रॉड हातात घेतला, पाना उचलला, तेवढ्यात फोन आला. महादेव ताटावरच कोसळला होता. छातीत कळ आली आणि गेला. झकेरियाच्या हातातला पाना सिमेंटवर पडला आणि तो तसाच बाहेर धावला.

याला आता चार महिने झाले.

चार महिन्यांत झकेरिया रडला नाही. आधी लोकांना वाटलं, खंबीर माणूस आहे. खंबीर कसला! आत काही उरलंच नव्हतं. दहाव्याला तो विचुंब्याला गेला, मांडवात शेवटच्या रांगेत बसला, महादेवच्या बायकोसमोर हात जोडले आणि परत आला. त्यानंतर त्या घराची पायरी चढला नाही. पंधरा दिवसांनी गॅरेज उघडलं, खाली पडलेला पाना उचलून खिळ्याला टांगला आणि कामाला लागला. रॉड बसवले, पिस्टन घातले, वरची दोन्ही हेड आवळली. सगळीकडे पांढरे ठिपके. लाल कुठेच नाही. ते त्याला दिसत होतं, पण आत पोचत नव्हतं. मशीन चालावं तसा चालत होता.

घरी दिलशादने एकदा मुद्दाम सालनात मीठ घातलं नाही. नवऱ्याने दोन भाकऱ्यांशी सगळं संपवलं आणि हात धुतले.

"कसं झालं होतं?" तिने विचारलं.

"चांगलं होतं."

ती आत जाऊन रडली. याला त्याचंही काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

तिकडे पूर्वीचं लग्न ठरलेलं होतंच. घरात माणूस गेला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. म्हणून तारीख अलीकडे ओढली. लग्नाला बारा दिवस उरले तेव्हा हरेश गॅरेजात आला.

"झकेरियाभाई, इंजिन गाडीत कवा चढनार? मी सगल्या भावकीला सांगून ठेवलाय. दादाचा शब्द हाय."

"आज खालचं झाकण लावतो. उद्या चढवू."

स्टँडवर इंजिन उलटं टांगलेलं होतं. झकेरियाने झाकण उचललं, बोल्टच्या भोकांवर धरलं आणि थांबला. समोर पाच कॅप. चारांवर लाल ठिपके, पाचवीवर नाही. रोज बघत होता, पण आता झाकण लागलं की ती जागा कायमची बंद होणार होती. हात पुढे जाईना.

"काय झाला?" हरेशने वाकून बघितलं. "हां, तो दादाचा लाल ठिपका. एवढाच ना? द्या, मी लावतो." फळीवरची नेलपॉलिशची बाटली त्याने उचललीसुद्धा.

"ठेव ती!"

आवाज एवढा मोठा निघाला की हरेश दोन पावलं मागे सरला. झकेरिया स्वतःच दचकला. चार महिन्यांत तो कुणावर ओरडला नव्हता.

"ठिपका म्हणजे काय कपाळावरचं कुंकू आहे, लावला आणि झालं?" तो हळू आवाजात म्हणाला. "तपासल्याशिवाय नाही लागत तो. पूर्वी बसणार आहे या गाडीत."

झाकण खाली ठेवलं, स्कूटर काढली आणि विचुंब्याला गेला.

अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. महादेवची बायको गोदू ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. झकेरियाला बघून तिने सूप बाजूला ठेवलं. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. पहिला प्रश्न असा आला:

"भाऊ, तुमचा एक बघायचा राहिला होता ना? तो कोनी बघितला?"

झकेरिया पायरीवरच टेकला.

"जेवताना सारखा तेच चालू होता त्यांचा," गोदू म्हणाली. "एक राहिलाय, बघून येतो, एक राहिलाय. मी म्हनली, आधी जेवा तरी. घास हातातच राहिला."

"कुणी नाही बघितला, वहिनी," तो म्हणाला. "मी आवळलेला आहे, म्हणून मला बघता येत नाही. त्याचा पाना हवा होता. आणि माणूसही."

गोदू आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. लुगड्यात गुंडाळलेला पाना घेऊन बाहेर आली आणि पायात चप्पल सरकवली.

"चला."

"तुम्ही?"

"मिठागरात टोपल्या वाहिल्यात मी. पाना वडता येत नाय काय?"

गॅरेजात झकेरियाने पान्यावर आकडा लावून दिला, कसा धरायचा, कुठे थांबायचं ते दाखवलं. म्हणाला, हात बसावा म्हणून आधी हा रॉडचा बोल्ट घ्या. गोदूने पदर खोचला, पाना लावला आणि ओढला. 'कट्' वाजायच्या आधी बोल्ट फिरला. चांगला पाव फेरा.

"ढिला हाय हा," गोदू म्हणाली.

"नाही नाही, पाना सरकला असेल. दुसरा घ्या."

दुसराही फिरला. तिसराही. झकेरियाला वाटलं, चार महिने कपाटात पडून महादेवचा पाना बिघडला. मग म्हणाला, लाल ठिपकेवाली पहिली कॅप बघा. गोदूने ओढला. 'कट्.' बोल्ट जागचा हलला नाही. दुसरी, तिसरी, चौथी, तसंच. महादेवचा पाना खरं बोलत होता.

झकेरियाने मान वर करून खिळ्याला टांगलेल्या आपल्या पान्याकडे बघितलं. फोन आला त्या दुपारी तो सिमेंटवर पडला होता. पडलेला पाना खोटं बोलतो, हे पंधरा वर्षं ऐकत आलेला माणूस! पण त्याने तो उचलला, टांगला आणि त्यानेच अख्खं इंजिन आवळलं. प्रत्येक रॉड, दोन्ही हेड, सगळं ढिलं. याच हाताला एरवी केसाएवढा फरक कळायचा. चार महिने त्याला काही कळलं नव्हतं. हे इंजिन गाडीत चढलं असतं, पूर्वी आणि तिचा नवरा आत बसले असते आणि महामार्गावर आठातला एखादा रॉड सुटून लोखंड फोडून बाहेर आला असता. लोक काय म्हणाले असते? महादेवने टेंपोचं सामान घातलं, म्हणून पोरीचा घात झाला.

तो टायरच्या ढिगावर बसला. "या अल्ला, मी काय करून ठेवलं होतं, वहिनी."

"ठेवला होता. झाला तर नाय ना," गोदू म्हणाली. "उठा. परत करू."

"ती पाचवी कॅप तेवढी बघून घ्या."

"ती आज नको. सगला झाल्यावर. ते बी शेवटालाच बघनार होते."

कळंबोलीच्या ओळखीच्या गॅरेजातून झकेरियाने चांगला पाना मागून आणला. आपला भंगारात टाकला. पाच कॅप तेवढ्या तशाच ठेवून बाकी सगळं सोडवून पुन्हा लावायला सहा दिवस गेले. रोज सकाळी गोदू घरातलं लग्नाचं काम सुनांवर सोडून यायची. भावकीत कुजबुज झाली, नवरा जाऊन चारच महिने झाले आणि ही गॅरेजात पाने ओढते. ती पाना काखोटीला मारून येतच राहिली. झकेरिया आवळायचा आणि पांढरा ठिपका लावायचा. ती ओढायची, 'कट्' ऐकायची आणि लाल ठिपका लावायची. जुनी बाटली वाळली होती, म्हणून पूर्वीने लग्नासाठी आणलेली नवी बाटली काढून दिली. दोन बोल्ट गोदूने नापास केले. झकेरियाने मुकाट्याने परत आवळले.

सहाव्या दिवशी दुपारी एकच जागा उरली. पाचवी कॅप. गोदूने पाना लावला, डोळे मिटले आणि ओढला. 'कट्.' बोल्ट तसूभर हलला नाही. पाना पडण्याआधी झकेरियाने आवळलेली ती शेवटची कॅप होती, महादेव शेजारी उभा असताना.

"हा बरोबर हाय," ती म्हणाली आणि ठिपका लावला. मग पाना लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला. झकेरियाने झाकण लावलं. त्याला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही.

लग्नाच्या दिवशी गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली. टेंपोची बेअरिंग, ट्रॅक्टरचे सील, तांब्याची गॅस्केट, सगळी इमानदारीत गुरगुरली. पूर्वी नवऱ्याशेजारी बसली, काच खाली करून आईकडे बघत राहिली. हरेशने दहा जणांना सांगितलं, दादाचं काम आहे. गाडी करंजाड्याच्या दिशेने वळली. झकेरिया रस्त्यावर उभा राहून आवाज पार विरेपर्यंत ऐकत होता. कुठे खडखड नाही, ठोका नाही.

नंतर मांडवात घरच्या माणसांची शेवटची पंगत बसली. दिलशाद शेजारी होती. गोदू स्वतः वाढायला आली, भातावर वरण घातलं आणि म्हणाली, "आता जेवा, भाऊ."

त्याने पहिला घास घेतला. चावता चावता थांबला.

"वरणात मीठ कमी आहे," तो म्हणाला.

दिलशादचा हात ताटातच थबकला. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो रडत होता, लहान मुलासारखा, सगळ्या पंगतीसमोर, घास तोंडात तसाच. तिने आपल्या ताटातलं मीठ बोटांनी उचललं आणि त्याच्या वरणावर घातलं.