शेततळ्यात अडकलेली बदकीण

मी एक म्हातारी बदकीण आहे. आटपाडीच्या माळावर, राहीबाईंच्या घरामागे जाळीच्या खुराड्यात राहते.

मित्रांनो, मला कोंबडीने उबवलं. राहीबाईंनी बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. मी पहिल्यांदा पाण्याच्या घमेल्यात उतरले, तेव्हा ती बिचारी घाबरून माझ्याभोवती ओरडत फिरली.

पुढे मी अंडी घालू लागले. घरातल्या नातवंडांना माझं एकेक अंडं पुरायचं. डाळिंबाच्या बागेतले किडे मी वेचून खायचे, त्याचं राहीबाईंना फार कौतुक. पण उडून जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्या एका पंखाची पिसं कातरली होती.

मग बागेसाठी शेततळं खणलं. आत काळं प्लास्टिक अंथरलं, भोवती कुंपण घातलं. एवढं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. कुंपणाच्या फटीतून शिरले आणि घसरत आत गेले. मनसोक्त पोहले. बाहेर यायला निघाले तेव्हा पाय निसटू लागले. चारही बाजूंना तोच गुळगुळीत उतार. कातरलेल्या पंखाने उडता येईना. फिरून फिरून पिसं भिजून जड झाली.

दुसऱ्या दिवशी राहीबाई शोधत आल्या. मला उचलायला वाकल्या आणि त्याही घसरल्या. पाणी गळ्याशी आलं. त्यांची बोटं प्लास्टिक ओरबाडत होती, पण धरायला काहीच नव्हतं. त्यांची हाक ऐकून सून शिवांजली धावत आली. तिने तळ्यातलं पाणी उपसायच्या मोटारीला बांधलेला दोर सोडून कुंपणाच्या खांबाला बांधला आणि आत फेकला.

"आत्याबाई, दोर सोडू नगा. मी हाय."

राहीबाईंनी एका हाताने मला छातीशी धरलं, दुसऱ्याने दोर, आणि शिवांजलीने ओढून आम्हाला वर घेतलं. वर आल्यावर राहीबाईंनी मला तिच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "हिला आता मोकळं सोडायचं न्हाई."

तेव्हापासून मी इथे आहे. दोर पुन्हा मोटारीला लागला. कुंपणाची फट तशीच आहे. घरातली पोरं चेंडू आणायला तिथून आत शिरतात. मला जाळीतून सगळं दिसतं. मी जीव तोडून ओरडते. भूक लागली असेल, असं समजून शिवांजली मूठभर दाणे टाकते.

मित्रांनो, मला दाणे नकोत. तुमच्या शेतात तळं असेल, तर फट बुजवा आणि आत गाठी मारलेला एक दोर कायमचा सोडून ठेवा. मला कोंडून ते पाणी उथळ झालेलं नाही.