लालला लाल

जसिंटाच्या आजोबांनी, पॉपनी, तंबूची दांडी बंदुकीसारखी डोळ्याला लावली, एक डोळा मिटून तिच्या पोकळीतून समुद्राकडे पाहिलं आणि मग ती नुसतीच हातात फिरवत राहिले. टोकाशी लाल चिकटपट्टी दिसली तेव्हा त्यांचा हात थांबला.

"लालला लाल," जसिंटा त्यांच्या कानाशी पुटपुटली आणि मेख उचलायच्या निमित्ताने लगेच खाली वाकली.

दुसरी लाल दांडी गवतात पडली होती. पॉपनी ती उचलली आणि पहिलीत सरकवली. खट्. तो आवाज इतका झकास आला की जसिंटाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने मेखेवर हातोडा मारून भागवलं.

"या रंगीत पट्ट्या कुणाच्या डोक्यातून निघाल्या?" ग्लेनमामा गाडीतून बर्फाची पेटी ओढत होता. "तंबू आहे की वाढदिवसाचा केक?"

"माझ्या," जसिंटा म्हणाली. "कुठली दांडी कशात जाते ते मला दरवर्षी आठवत नाही."

"सोळा वर्षांची घोडी झालीस, आणि एवढं आठवत नाही?"

"तुझ्यावर गेलीय," पॉप म्हणाले. "तू तर मिशा फुटेपर्यंत झोपायच्या पिशवीत उलटा शिरत होतास."

सगळे हसले. मामाची छोटी बॉनी तर हसता हसता गवतात लोळली. आई हसली, पण हसताना तिची नजर पॉपच्या हातांवर होती, आणि जसिंटाची नजर आईवर. पिवळ्याला पिवळी लागली, निळ्याला निळी. थोड्या वेळाने तो जुना हिरवा कॅनव्हासचा तंबू दरवर्षीसारखाच उभा राहिला, थोडा डावीकडे कललेला. तो कलणंसुद्धा दरवर्षीचंच.

आईने सुस्कारा सोडला. तिला वाटलं, कुणाला ऐकू गेला नाही.

नाताळच्या आधी पॉपच्याच स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती आणि मामा पुसत होता. जसिंटा बाहेर, माश्या अडवणाऱ्या जाळीच्या दाराआड, कोंबड्यांच्या दाण्याचं भांडं हातात घेऊन उभी होती. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. हो की नाही, ते सहलीनंतरच्या सोमवारी कळवायचं होतं.

"परवा पॉप गॅस तसाच चालू ठेवून गेले," मामा म्हणाला. "अजून कशाची वाट बघायची, केरिन?"

"समुद्रावर जाऊन येऊ," आई म्हणाली. "तंबू त्यांनी उभारला, मासे त्यांनी धरले, तर मी नाही म्हणून सांगेन. नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

म्हणजे परीक्षा. आणि ज्याची परीक्षा, त्याला पत्ताच नाही! जसिंटाला हा सरळसरळ अन्याय वाटला. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दप्तरातून चिकटपट्ट्यांची रिळं घेऊन ती पॉपच्या शेडमध्ये गेली. पॉप उलट्या बादलीवर बसून तिचं काम बघत राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. शेवटची पिवळी पट्टी दाबून झाली तेव्हा एवढंच म्हणाले, "चुगली नाही ना करणार?"

"मी? मेले तरी नाही."

शाळेत नापास झालेलं एक वेळ चालतं, चुगलखोर म्हणवून घेतलेलं चालत नाही. हे तिला पहिलीत असताना पॉपनीच शिकवलं होतं.

तर सहल सुरू झाली, आणि जसिंटा कामाला लागली. पॉपनी चहात साखर समजून मीठ घातलं, तेव्हा तिने तो कप आईच्या हाताआधी पकडला आणि रिकामा करून दाखवला. "काय फक्कड झालाय!" म्हणाली, आणि डोळ्यांत आलेलं पाणी चुलीच्या धुरावर ढकललं. पॉप संडासाकडे जाऊन परतताना वाट चुकून दुसऱ्याच कुणाच्या तंबूत शिरले, तेव्हा तीही मागोमाग शिरली आणि त्या लोकांकडून कांदा उसना मागून आली. पॉप तिला केरिन म्हणायला लागले होते. "केरिन, टोपी बघ कुठंय." "केरिन, दमलीस का गं?" पहिल्यांदा ती मागे वळून बघत राहिली. नंतर ती सरळ ओ द्यायला लागली. आईचं नाव, आईची हाक, त्यात काय एवढं. आई जवळपास नाही ना, तेवढं मात्र ती आधी बघून घ्यायची.

उरली होती मासेमारी. आणि मासेमारीची तिला काडीचीही काळजी नव्हती.

सकाळी ओहोटीला पॉप, ती आणि बॉनी किनाऱ्यावर उतरले. पॉपच्या हातात जाळीची पिशवी, तिच्यात माशांची सडकी डोकी. वास असा की बॉनी नाक धरून उलटी चालत होती. ही पिशवी ओल्या वाळूवरून ओढत न्यायची. वासाने वाळूतला किडा डोकं वर काढतो, केसाएवढं, आणि माघारी जाणारं पाणी त्याच्यापाशी जरासं दुभंगतं. तेवढंच दिसतं. मग तिसरीचं, म्हणजे शिंपल्यातलं, मांस त्याच्या तोंडाशी धरायचं. तो ते पकडून मान वाकवतो, त्याच क्षणी बोटांची चिमूट. आधी नाही, नंतर नाही. मुडदुशी मासळी या किड्यावर जीव टाकते. बाजारचं आमिष घेऊन येणाऱ्यांना पॉप मनापासून कीव येऊन रामराम करायचे.

पिशवी फिरली, पाणी मागे सरलं आणि पॉप वाकले. शेडमध्ये चाव्या कुठे ठेवल्या ते न आठवणारा, मीठ आणि साखर न ओळखणारा माणूस वाकला, आणि बोटं मात्र स्वतःच्या स्वतः चालत गेली. चिमूट. एक लांबलचक, गुलाबी, वळवळता किडा वाळूतून अखंड बाहेर आला.

"पॉप!" जसिंटा ओरडली. "तू भारी आहेस!"

"आहेच," पॉप म्हणाले. "ये, बस. तुला शिकवतो. घाई केलीस तर तुटतो."

ती गुडघ्यांवर बसली. दोन बोटं वाळूला लावली. पॉपचा खरखरीत हात तिच्या मनगटावर होता.

"पॉप, मी डुंबू का?" बॉनीने विचारलं.

"डुंब की. तिकडे जा, शांत आहे बघ."

जसिंटासमोरच्या किड्याने मान वाकवली. तिने चिमूट दाबली, आणि तो निसटला. "हात्तिच्या!" ती म्हणाली. आणि मग, कानावरून निघून गेलेला तो शब्द परत आला. शांत.

समुद्रात उतरायच्या आधी समुद्र वाचायला पॉपनी सगळ्या घराला शिकवलं होतं. आईला, मामाला, तिला. लाटा फुटून पांढऱ्या होतात तिथे खाली वाळू वर आलेली असते, तिथे उतरायचं. दोन पांढऱ्यांच्या मध्ये गडद, गुळगुळीत, अगदी शहाण्यासारखं पाणी दिसलं की त्याच्याकडे पाठ फिरवायची. सगळा समुद्र तिथूनच माघारी जातो, आणि जाताना माणसाला घेऊन जातो. या किनाऱ्यावर जीवरक्षक नव्हते, झेंडे नव्हते. पॉप होते.

तिने मान वर केली. बॉनी छातीभर गडद पाण्यात होती आणि खिदळत होती.

"जसी, बघ! मी न पोहताच जातेय!"

जसिंटा धावली. पायाखालची वाळू पुढे पुढे पळत होती. पाणी कमरेला लागलं आणि कुणीतरी मागून ढकलावं तशी ती आत गेली. बॉनीच्या पोहण्याच्या पोशाखाचा पट्टा हाताला लागला, तो तिने मनगटाभोवती पिळला आणि किनाऱ्याकडे न ओढता आडवं ओढलं, पांढऱ्याकडे. तेही पॉपनीच शिकवलेलं. एक लाट दोघींवर फुटली, दुसरी फुटली, आणि दोघी खोकत वाळूवर आपटल्या.

"दुखलं ना मला!" बॉनी रडायला लागली. "पट्टा तोडलास माझा! पॉपनीच सांगितलं तिकडे जायला!"

पॉप होते तिथेच उभे होते. त्यांच्या हातातून त्यांच्या हाताएवढाच लांब किडा लोंबत होता.

"केरिन, हा बघ केवढा!"

जसिंटा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दात वाजत होते. ऊन होतं तरी.

"पॉप, बॉनीला तू कुठे पाठवलंस?"

"तिकडे." त्यांनी बोट केलं. बोट जराही हललं नाही. "लाटा नाहीत ना तिथे. एवढीशी पोर, लाटांत कशी जाईल?"

आवाज तोच होता. लहानपणी तिचा हात धरून, याच जागी, ज्या आवाजात त्यांनी उलटं सांगितलं होतं, तोच.

दुपारी मामाने सॉसेज भाजले, वर कांदा, खाली पाव. पॉपनी नंतर त्याच किड्यांवर पकडलेल्या मुडदुश्या ताटात चमकत होत्या. मामा त्या उलथ्याने मोजल्यासारख्या करत होता.

"म्हाताऱ्याचे हात बघ," तो आईला हळूच म्हणाला. "मी हरलो बाई."

"मी सोमवारी नाही म्हणून कळवते," आई म्हणाली. पहिल्यांदाच या सहलीत तिने पाय लांब केले, खुर्चीत मागे टेकली.

"जसीने माझा पट्टा तोडला," बॉनी म्हणाली.

"जसी, लहान आहे ती. मस्ती जरा बेताने."

जसिंटाने तोंड उघडलं. समोर पॉप बसले होते. हनुवटीला कांद्याचा तुकडा चिकटलेला. त्यांनी तिला डोळा मारला. त्यांना काही आठवून मारला, की सवयीने, देव जाणे. तिने तोंड मिटलं.

"पॉप, उद्या सकाळीही बॉनीला तूच ने," मामा म्हणाला. "मला जरा लोळू दे. सुट्टी माझीपण आहे म्हटलं."

"नेतो की," पॉप म्हणाले. "पोरीला पोहायला शिकवतो."

झुडपातून घोरपड आली, जसिंटाच्या हातातला पाव सॉसेजसकट ओढून घेऊन डुलत डुलत निघून गेली. सगळे ओरडले, बॉनी खुर्चीवर चढली. जसिंटा रिकामा हात तसाच धरून बसली होती.

चारच्या सुमाराला उकाडा एकाएकी थांबला. माश्या गेल्या. दक्षिणेकडे आभाळाच्या कडेला राखाडी ढगाची गुंडाळी दिसायला लागली. मामाने फोन बघितला आणि उठला. "वारा येतोय, आणि जोरात येतोय. तंबूचं तोंड समुद्राकडे राहिलं तर रात्री आपण उडून न्यूझीलंडला. उतरवा, त्या आडोशाला घेऊ. पॉप, चल, पुन्हा एकदा तुझी करामत."

कॅनव्हास खाली आला. दांड्या सुट्या झाल्या.

"दांड्या मी नेते," जसिंटा म्हणाली.

गाडीच्या मागे तिने त्या गवतात ठेवल्या आणि उकिडवी बसली. लाल पट्टीचं टोक नखाने उचललं. लाल सरळ निघाली. निळी फाटत फाटत आली. पिवळीला दात लावावे लागले. सगळ्याचा एक चिकट गोळा झाला, तो तिने चड्डीच्या खिशात कोंबला. चुगली तोंडाने करतात. तिने तोंड उघडलं नव्हतं. हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा ते पटलं नाही.

मग ती दांड्या उचलून आडोशाला घेऊन गेली आणि पॉपच्या पायाशी ठेवल्या.

पॉपनी एक उचलली. फिरवली. पुन्हा फिरवली. दुसरी उचलली, तिची टोकं पाहिली. पहिलीत घालून बघितली, जाईना. उलटी करून बघितली. सुरूच्या झाडांतून शीळ वाजायला लागली होती.

"पॉप, लवकर," मामा म्हणाला. तो हसत होता. मग त्याचं हसू थोडं थोडं कमी झालं.

तिसरी दांडी. ती पहिलीच होती, पण पॉपना ते कळलं नाही. आईने हातातली दोरी खाली ठेवली.

पॉपचा अंगठा दांडीच्या टोकाशी थांबला. पट्टी होती तिथे चिकटपणा राहिला होता. अंगठा त्याला चिकटला, सुटला, पुन्हा चिकटला. त्यांनी मान वर केली आणि जसिंटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही. काढली असती तर ते खोटं बोलल्यासारखं झालं असतं, आणि खोटं ती पुरेसं बोलली होती.

पॉपनी दोन्ही दांड्या गवतात शेजारी शेजारी ठेवल्या, अगदी सरळ रेषेत, आणि बर्फाच्या पेटीवर बसले.

"ग्लेन," ते म्हणाले, "हे तू लाव. मला काही सुधरत नाही."

मामा खाली बसला. त्याने दांड्या हातात घेतल्या, पण त्याला त्या लावायची घाई नव्हती. आई पॉपच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या हनुवटीचा दुपारचा कांदा बोटाने पुसला.

"जसिंटा," पॉप म्हणाले.

ती दचकली. केरिन नाही. जसिंटा.

"ती दोरी धर. वारा आला."

तिने धरली. वारा आलाच, गार, खारा, सगळा एकदम. कॅनव्हास फुगला आणि दोरी तळव्यात कचकन रुतली. खाली अख्खा समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला होता. सकाळचं ते गडद पाणी नेमकं कुठे होतं, हे आता किनाऱ्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं.