आत्याच्या डाव्या हाताचं इंजिन

मामाच्या टाइल्सच्या दुकानात बाबा उभे आहेत आणि गिऱ्हाइकाला "ही फिकट मोतिया बघा, ती फिकट दुधी बघा" असं सांगताहेत, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणायचा खूप प्रयत्न केला. जमलंच नाही. बाबांना रंग तीनच माहीत आहेत. ओल्या लाकडाचा, सुक्या लाकडाचा आणि कीड लागलेल्या लाकडाचा.

पण आईने ठरवूनच टाकलं होतं. रविवारी दुपारी बारापर्यंत आमच्या सॉ मिलमधून होडीवाल्या काकांच्या ओंडक्याची एक अखंड, सरळ, वीस फुटी फळी बाहेर पडली तर ठीक. नाही पडली तर काका तोच ओंडका बाराच्या ट्रकने मोठ्या मिलमध्ये नेणार, आमची मिल विकली जाणार आणि बाबा सोमवारपासून मामाकडे रुजू होणार. मामाने तर बाबांचा शर्टाचा नंबरही विचारून ठेवला होता.

आमची मिल फिरती आहे. म्हणजे जिथे झाड पडलं तिथे गाडीमागे बांधून न्यायची. दोन लांब रूळ, त्यांच्यामध्ये ओंडका निजवायचा, आणि रुळांवरून एक लोखंडी चौकट ढकलत न्यायची. चौकटीत दोन चाकं, त्यांच्यावर भल्यामोठ्या रबरबँडसारखं ताणलेलं दातेरी पोलादी पातं, आणि डोक्यावर इंजिन. इंजिन पट्ट्याने चाक फिरवतं, चाक पातं फिरवतं, आपण ढकलत राहायचं आणि ओंडक्याची फळी सुटते. ऐकायला किती सोपं आहे ना?

सगळा घोळ इंजिनाचा होता. आमचं जुनं पेट्रोलचं इंजिन फांद्यांपुढे पहिलवान आणि जाड ओंडका दिसला की त्याला भोवळ. गेल्या महिन्यात एका ओंडक्याच्या मधोमध ते असं बंद पडलं, की आत अडकलेलं पातं सोडवायला बाबांना शेजारून कुऱ्हाड मागून आणावी लागली. सॉ मिलवाल्याने कुऱ्हाड मागायची म्हणजे न्हाव्याने दातांनी केस तोडायचे! आईच्या डोक्यात टाइल्स शिरल्या त्या त्याच दिवशी.

तेव्हा आत्या धावून आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली आहेत आणि ती इंजिनाशी बोलते तितक्या प्रेमाने माणसांशी बोलत नाही. कुठल्याशा पाण्याच्या पंपाचं एक डिझेल इंजिन तिने हातगाडीवर घालून आणलं.

"हे बघ," ती बाबांना म्हणाली, "हे सावकाश फिरतं, पण अडत नाही. तुझ्यासारखं नाही, तू सावकाशही आहेस आणि अडतोसही."

"ताई, मुलीसमोर तरी..."

"मुलीला माहीत नाही असं काय सांगितलं मी?"

आता माझा भाग. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. या वर्षी एकदा स्टेजवर चढले, माइकसमोर बोलले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून आई म्हणते, "नळ चालू राहिलाय, कोणीतरी बंद करा." तर या नळाने शेडच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. पेट्रोलचं इंजिन मिनिटाला छत्तीसशे फेरे मारायचं, डिझेलचं मारणार अठराशे. म्हणजे पातं निम्म्या वेगाने फिरणार. म्हणजे इंजिनावरची पुली, पट्टा जिच्यावरून फिरतो ती चकती, दुप्पट मोठी हवी! बाबांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तडक लेथवाल्याकडे गेले. पुली अगदी मापात आली. मी दोन दिवस जमिनीपासून जरा वरूनच चालत होते.

शनिवारी इंजिन चढवायचं होतं. चढवलंही, पण आत्याने हँडलला हात घातला आणि तिचा पारा चढला. हे इंजिन हँडल मारून सुरू करावं लागतं, आत्या आहे डावखुरी, आणि तिच्या डाव्या कोपराला चौकटीचा खांब लागत होता.

"बघितलंस? उजव्याला ऐसपैस जागा, डाव्याला खांब! जगातलं प्रत्येक यंत्र उजव्यांनी उजव्यांसाठी केलंय. तीस वर्षं मी उजव्यांचे लाड पुरवले. आज नाही. फिरवा हे!"

"फिरवा म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"याचं तोंड तिकडे करा आणि पाठ इकडे. म्हणजे माझ्या हाताला मोकळी जागा."

"पण पट्टा?"

"दोन्ही बाजूंनी दांडा बाहेर आलाय. पुली या टोकाला लाव नाहीतर त्या टोकाला, इंजिनाला काय फरक पडतो?"

बाबांनी विचार केला. मीही केला. माझी पुली तीच राहणार होती, त्यामुळे मला काहीच हरकत दिसली नाही. उलट सगळ्यांत मोठ्याने "बरोबर आहे आत्याचं!" असं मीच म्हणाले. वेल्डरने बैठक अशी जोडली, की जाताना म्हणाला, "आता चौकट मोडेल, पण इंजिन हलायचं नाही." त्याच्या कामाचं आम्ही फार कौतुक केलं. पाती धार लावायला गेली होती, ती रविवारी सकाळी यायची होती, म्हणून इंजिन नुसतंच सुरू करून पाहिलं. धक, धक, धक, धक. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे, असं ती म्हणाली.

रविवारी दहाला सगळे हजर. होडीवाले काका ओंडक्याभोवती फिरून त्यावर टिचक्या मारत होते. ते दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात. त्यांच्याकडे असा लांब ओंडका एकच होता आणि होडीचा तळ त्याच फळीवर उभा राहणार होता. मामा पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. आई त्याच्याशेजारी हाताची घडी घालून उभी.

आत्याने डाव्या हाताने हँडल मारलं, इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं. पातं सणसणत फिरायला लागलं. वेग अगदी बरोबर! मी भिंतीवरच्या हिशेबाकडे बोट दाखवून मामाकडे पाहिलं. बाबांनी चौकट ढकलली. पातं ओंडक्याला टेकलं.

आणि किंचाळलं.

भुसा नाही, फळी नाही, नुसता धूर. बाबांनी जोर लावला. आणखी धूर. दोन मिनिटांनी बाबांनी चौकट मागे घेतली, तेव्हा ओंडक्याच्या टोकावर एक काळी, चकचकीत रेघ उमटली होती. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "पण मला कापून हवं होतं."

"धारवाल्याने हलगर्जीपणा केलाय," बाबा म्हणाले.

"ताण कमी आहे," आत्या म्हणाली.

"आमच्याकडे नवीन माल आलाय," मामा म्हणाला.

मी खाली वाकले. आत्याने इंजिन बंद केलं होतं आणि पातं हळूहळू थांबत होतं. दात दिसायला लागले. दातांची टोकं डावीकडे होती आणि पातं चाललं होतं उजवीकडे.

"बाबा! दात मागच्या मागे पळताहेत!"

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे इंजिनाचं तोंड फिरवलं तशी पात्याची दिशाही फिरली. ते लाकूड कापत नाहीये, कुरवाळतंय!"

मला आठवलं, शनिवारी सगळ्यांत मोठ्याने "बरोबर आहे" कोण म्हणालं होतं, आणि माझा नळ आपोआप बंद झाला. साडेदहा वाजले होते. इंजिन परत फिरवायचं तर बैठक कापायला हवी, आणि वेल्डर रविवारी फोन उचलत नाही.

"टाइलचं हे एक बरं असतं," मामा म्हणाला. "कशीही लावा, उलटी फिरत नाही."

बाबा ओंडक्यावर बसले. इतके हळू बसले, की मला टाइल्सच्या दुकानातलं ते न जमणारं चित्र एकदम स्पष्ट दिसायला लागलं. फिकट मोतिया, फिकट दुधी, आणि मधे बाबा.

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "हाताचे चोचले केले मी."

"मीही हो म्हणालो, ताई."

आईने घड्याळात पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि हाताची घडी सोडली.

"एवढंच ना?" ती वैतागून म्हणाली. "इंजिन फिरत नाही, तर पातं उलटून घाला."

"अगं, ते पोलाद आहे," बाबा म्हणाले.

"असेना पोलाद. गोलच आहे ना? उशीचा अभ्रा उलटा झाला तर तुम्ही उशी विकता का? आतली बाजू बाहेर काढा."

"वहिनी, तसं केलं तरी दात..." आत्या बोलता बोलता थांबली. तिने हवेत बोटांनी काहीतरी फिरवून पाहिलं आणि तिचाच गोंधळ उडाला.

मी दप्तरातून वहीचं पान फाडलं, लांब पट्टी केली, एका कडेला तिरपे दात कापले आणि टोकं चिकटवून कडं केलं. दात डावीकडे. मग कडं आतलं बाहेर उलटलं आणि दातांची कड पुन्हा समोर धरली. दात उजवीकडे!

"आई!!" मी ओरडले.

"कानात नको," आई म्हणाली, पण तिने ते कडं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः दोनदा उलटून बघितलं.

खरं पातं मात्र वहीचं पान नव्हतं. चौदा फुटांचं पोलादी वेटोळं उलटायचं म्हणजे चिडलेल्या अजगराला कपडे घालण्यासारखं होतं. हातमोजे घालून बाबा एकीकडे, आत्या दुसरीकडे.

"माझ्याकडे वळव!"

"तुझीच बाजू वळेना!"

"सोडू नकोस, सोडू नकोस... सोडलंस!"

पातं टणकन उडालं, मामाच्या बुटापाशी जाऊन थरथरत राहिलं आणि मामा एका उडीत हातगाडीवर. पण उडताना ते आपलं आपणच उलटलं होतं! आत्या म्हणाली, तिने मुद्दामच तसं सोडलं.

पातं चढलं, ताण बसला. बाबांनी मान हलवली, आत्याने हँडल धरलं. सगळ्यांचे चेहरे फुलले होते आणि मला मात्र काहीतरी खटकत होतं. पातं नुसतं कापत नाही, ते ओंडक्याला आपल्या दिशेने ओढतंही. म्हणून एका बाजूला लोखंडी खुंट उभे असतात, ओंडका त्यांना टेकून राहतो, आणि दुसऱ्या बाजूने शिकंजा त्याला नुसता धरून ठेवतो. आता ओढ उलटी. खुंटांच्या विरुद्ध बाजूला. वीस फुटी ओंडका, आणि त्याला अडवायला बिचारा शिकंजा!

कालची माझी अक्कल अजून ताजी होती. पुन्हा चुकले तर? पण चुकीचं बोलले तर फार तर हसतील, गप्प बसले तर ओंडकाच निसटेल.

"थांबा!!"

आत्याच्या हातातून हँडल निसटलं. मी धडाधड सगळं सांगितलं, खुंट, ओढ, शिकंजा. सांगून झाल्यावर आत्याने शिकंजा हलवून पाहिला.

"ए शहाणे," ती म्हणाली, "हे काल का नाही सुचलं?"

"काल मी पुलीवर खूश होते."

चारही खुंट या बाजूचे त्या बाजूला न्यायचे होते. होडीवाल्या काकांनी पाना घेतला. आईने बोल्ट डब्यात गोळा केले. मामालाही पहार धरावी लागली, कारण रिकामे हात फक्त त्याचेच होते. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती.

धक, धक, धक. पातं ओंडक्याला टेकलं आणि या वेळी किंचाळलं नाही, गुरगुरलं. डिझेलचं इंजिन जरासं खाली दबलं, दम घेतला आणि कामाला लागलं. दहा फूट गेले. याच जागी जुनं इंजिन हटकून मान टाकायचं. याने टाकली नाही.

भुशाचा मात्र कोणीच विचार केला नव्हता. भुसा बाहेर टाकणारी तोटी होती जुन्या बाजूला, आणि आता भुसा निघत होता नव्या बाजूने, मोकळाच, कारंज्यासारखा. त्या बाजूला मामा उभा होता. तो ओरडला असणार, पण इंजिनापुढे काही ऐकू आलं नाही.

वीस फूट. पातं पलीकडून बाहेर आलं. काकांनी फळीच्या टोकाशी एक डोळा मिटून पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की बाबांनी श्वास घ्यायचं सोडलं.

"सरळ आहे," ते म्हणाले. मग मागे वळून, "ट्रकला संध्याकाळी यायला सांगतो. उरलेल्याही इथेच काढा."

मामाने पापण्यांवरचा भुसा झाडला. "म्हणजे उद्या हे...?"

"दादा, उद्यासाठी दुसरा माणूस बघ," आई म्हणाली. "आणि आधी तिथून बाजूला हो, पुन्हा भुसा येईल."

बाबांनी चौकट मागे आणायला जोर लावला, पण नव्या इंजिनाचं वजन असं होतं, की एकट्याने ती इंचभरच हलली. ते कोणाला काही म्हणायच्या आत आईने पदर खोचला आणि दांडीचं दुसरं टोक धरलं.

"बघताय काय? ढकला," ती म्हणाली.