सफातला कोण राहतं?

सफात. सहा वर्षं मी ह्यांच्या पत्राच्या पाकिटावर हेच लिहीत आले. पोस्ट बॉक्स नंबर, सफात, कुवेत. इराकचं लष्कर कुवेतमध्ये घुसल्याचं रेडिओवर ऐकलं, त्या दिवसापासून माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, नमाजनंतर सफातसाठीच दुआ मागायच्या. मीसुद्धा.

आणि हा हसनभाई! तिथून जॉर्डनमार्गे जीव वाचवून भिवंडीला, आमच्या निजामपुऱ्यात परत आलेला. आमच्याच ओट्यावर बसून म्हणतो, "शकिलाभाभी, सफातला कोण राहतं? ती टपालाची जागा. अख्ख्या कुवेतची पत्रं तिथल्या खोक्यांत पडतात. गुलाम हुसेन राहतो कुठे?"

माझं डोकंच फिरलं. "मग माझा नवरा काय खोक्यात राहतो?"

बिचारा हसलासुद्धा नाही. उद्या तो जॉर्डनला, अम्मान शहरात फोन लावणार होता. तिथून रिकामी बस माणसं आणायला पुन्हा कुवेतला जायची. ड्रायव्हर ओळखीचा, पण मोहल्ला एकच सांगायचा. गावभर शोधत फिरायला त्याला तरी कोण देतंय?

अम्मा भाकरीचं पीठ चाळत होत्या. हसनभाईने त्या परातीतच बोटाने शहर काढलं. वर समुद्र, खाली एकात एक अर्धगोल रस्ते. सालमिया, हवल्ली, फरवानिया, जलीब... या अल्ला! मला काही कळेना. भिवंडीत खाडी कुठे विचारलं तर मी झोपेतही हात करून दाखवेन. इथे कुठे हात करू?

"खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाले होते," मी म्हटलं.

"मग सालमिया," हसनभाई म्हणाला. "पण तिथे मोठे साहेब राहतात, भाभी. आपल्याला भाडं झेपत नाही."

अम्मा भडकल्या. "म्हणजे माझा गुलाम खोटं बोलतो?"

ह्यांचा शब्द धरावा तर सालमिया. पण मी ह्यांना ओळखत नाही का? सुट्टीवर आले की मला अत्तर, अम्मांना घड्याळ, आणि स्वतःचा फाटका बनियन मात्र मलाच शिवायला लावायचे. रिक्षाचे पैसे वाचवायला कल्याण नाक्यावरून बॅगा घेऊन चालत आलेला माणूस हा.

"सगळ्यात स्वस्त खोल्या कुठे?" मी विचारलं.

"जलीबला. एका खोलीत दहा-दहा जण. ज्याची ड्युटी संपेल तो झोपणार."

अम्मांनी माझा हात घट्ट धरला. "नको गं. तिथे नसेल तो."

मला रडूच फुटलं. तरी म्हटलं, "हसनभाई, जलीब सांगा."