कोल्ह्याच्या तोंडची डहाळी

कोल्ह्याच्या तोंडात डहाळी ठेवायला श्रीधरला कोणी सांगितलं नव्हतं. मारलेल्या हरणाच्या तोंडी हिरवी डहाळी द्यायची, त्याला शेवटचा घास म्हणायचं, ही जर्मन शिकाऱ्यांची रीत. कोल्ह्याला हा मान नाही. पण आपल्याकडे गेलेल्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात, मग याच्यावरच अन्याय का, म्हणून फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसात कोड लिहिणाऱ्या या नवशिक्या शिकाऱ्याने त्याचा जबडा उचकटला. सुळा बोटाला लागला आणि रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पोहे खाताना हे त्याने हसत हसत सांगितलं. त्याच्या बायकोने, कौमुदीने, हातातली बशी खाली ठेवली.

"कोल्हा दिसायला कसा होता?"

"झिंगल्यासारखा. भर दुपारी सरळ आमच्याकडे चालत आला. म्हणून तर ब्रांटनी गोळी घातली."

कौमुदीच्या लहानपणी शेजारचे नागेशकाका पिसाळलेलं कुत्रं चावून गेले होते. पाण्याचा तांब्या बघून किंचाळणारा माणूस एकदा पाहिला की जन्मभर विसरत नाही. त्यात यंदाची, २००५ सालची, ती बातमी, या भागात कोल्ह्यांत पुन्हा रेबीज सापडल्याची.

तिने हेर ब्रांटच्या, म्हणजे ब्रांटसाहेबांच्या, मोबाइलवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. श्रीधरला शिकार शिकवणारा हा म्हातारा. त्याचा शब्द श्रीधर खाली पडू देत नसे.

"कोल्हा तपासायला दिलात ना?"

"वेटेरिनेरआम्टला? त्या जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना? नाइन, अजिबात नाही! माझ्या कुत्रीने त्याला तोंड लावलंय. ते आधी तिला मारतील, मग तपासतील. जन्मभर बघतोय त्यांना. जाळून टाकला मी कोल्हा. म्हातारं जनावर होतं, बाकी काही नाही. निश्चिंत राहा."

"ऐकलंस?" श्रीधर म्हणाला. "उगाच राईचा पर्वत करतेस."

"खड्ड्यात गेले तुझे ब्रांट! ऊठ, जॅकेट घाल."

रविवारी रेबीजची लस मिळणारं हॉस्पिटल फ्रँकफुर्टलाच. गाडी तिनेच काढली. डॉक्टरांनी आपल्याला हसून परत पाठवावं, आपण वेडे ठरावं, एवढंच ती देवाकडे मागत होती. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं निघालं असतं तर तिने त्याचे पाय धरले असते.

हॉस्पिटलात पोचले तोच लसीच्या खोलीचं दार उघडलं आणि हेर ब्रांट बाहेर आले. एक बाही वर गुंडाळलेली, दंडावर कापसाचा बोळा.

"रेबीजचं दुसरं इंजेक्शन बुधवारी!" मागून नर्सने बजावलं. "चुकवू नका!"

श्रीधरने जखमेचं बोट मुठीत धरलं.

"मी सांगणारच होतो," ब्रांट पुटपुटले.

"कधी?" कौमुदीने विचारलं.